पाय न पडणारी जागा

आमच्या बागेतलं ज्युनिपर सध्या अगदी झकास आहे आणि मला त्याचा राग येतो. फिरायला निघालेली माणसं फाटकाशी थांबून विचारतात, कुठून आणलं हो हे, काय घालता त्याला? मी सांगते, काही घालत नाही. त्यांना वाटतं, बाई शिष्ट दिसते. पण खरंच मी काही घालत नाही. या झाडाला भरपूर ऊन लागतं, पाणी धरून न ठेवणारी माती लागते, आणि माणसांनी उगाच त्याच्या वाटेला जाऊ नये एवढीच त्याची अपेक्षा असते. हल्ली त्याला हे सगळं मनासारखं मिळतंय, कारण अक्का इथे नाहीत.

अक्का म्हणजे माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी पुण्याची, लग्न होऊन बंगळूरला आले. सासरची माणसं मराठीच, पण इतक्या पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेली की मूळ गाव कोणतं यावरून चामराजपेटच्या त्यांच्या जुन्या घरात दोन चुलत सासऱ्यांचं कायम वाजायचं. घरात सगळे मराठी बोलायचे, पण ते मराठी माझ्या कानाला रुळायला वर्ष गेलं. थोडं म्हणजे ‘स्वल्प’, बरं म्हणजे ‘सरी’, आणि काहीही झालं तरी आधी ‘अय्यो’. पहिल्याच आठवड्यात मी आगाऊपणा करून अक्कांच्या बोलण्यातली एक चूक काढली. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, ‘तू बोलतेस की बातम्या वाचतेस गं?’ तेव्हापासून मी त्यांची ‘पुणेकरीण’ झाले. नावानं त्यांनी मला कधी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

माझा नवरा गेला तेव्हा अक्का एक पिशवी आणि एक स्टीलचा डबा घेऊन आमच्या हेब्बाळजवळच्या या घरी आल्या. डब्यात त्यांचे देव होते. त्यांचे यजमान खूप आधीच गेलेले, मुलगा पुण्यात नोकरीला. ‘महिनाभर राहते तुझ्या सोबतीला,’ म्हणाल्या. मला खरं तर त्या दिवसांत कुणीच नको होतं, पण नको म्हणायचीही ताकद नव्हती. तो महिना काही संपला नाही. स्वयंपाकघरातल्या फळीवर अक्कांचे देव आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत अक्का, असंच आमचं घर होऊन बसलं.

ज्युनिपर मी आणलं ते नवरा गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. घरासमोरच्या वीतभर बागेत त्यानं हौसेनं गुलाब लावले होते. त्याच्यामागे गुलाबांनी जे नखरे सुरू केले ते मला झेपेनात. आज मावा, उद्या पानांवर काळे ठिपके. एक दिवस डोक्यात अशी तिडीक गेली की सगळे उपटून टाकले आणि तशीच मातीच्या हातांनी नर्सरीत गेले. ‘माझ्याकडे काही मागणार नाही असं झाड द्या,’ मी म्हटलं. नर्सरीवाल्यानं मला एका कुंडीपाशी नेलं. निळसर हिरव्या, बारीक सुयांसारख्या पानांचं, जमिनीलगत पसरलेलं झुडूप होतं ते. गुडघ्याच्या वर कधी जात नाही म्हणाला, आडवंच वाढतं, आणि बारा महिने हिरवं राहतं.

घरी अक्का दारातच उभ्या होत्या.

‘फूल येतं याला?’

‘नाही.’

‘फळ?’

‘खाण्यासारखं नाही.’

‘मग देवाला यातलं काय वाहायचं?’

‘काही नाही, अक्का. ते नुसतं हिरवं राहतं.’ मी एक शेंडा चुरडून त्यांच्या नाकाशी धरला. पेन्सिलीला टोक काढताना येतो तसा वास येतो त्याला.

‘अय्यो, शाळा!’ त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. ‘सरी. राहू दे.’

तरी त्यांना ते झाड काही पटलेलं नव्हतं. महिन्याभरातच एका दुपारी मी कामाला इंदिरानगरला गेले होते. परत येऊन बघते तर काय, ज्युनिपर उभं! अक्कांनी मधोमध बांबूची काठी रोवली होती, सगळ्या फांद्या वर गोळा केल्या होत्या आणि जुन्या साडीची किनार फाडून त्यांना गच्च बांधून टाकलं होतं.

‘बिचारं पडलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘आधार नको द्यायला?’

‘अहो, ते पडलेलं नाही! ते तसंच असतं!’

‘असं कोण आडवं पडून राहतं जन्मभर?’

नवरा गेल्यावर मी आठ-आठ दिवस पलंगावरून उठत नव्हते, आणि अक्काच मला दंडाला धरून उठवून न्हाणीघरात नेऊन सोडायच्या. ते दोघींनाही आठवलं असणार. मी कात्री आणायला आत गेले, पण परत येईपर्यंत अक्कांनी गाठी हातानंच सोडवल्या होत्या. किनारसुद्धा गुंडाळून ठेवली होती, पुन्हा कशाला तरी लागेल म्हणून.

झाड जमिनीत रुळलं तशी मी त्याची कामं शिकले. फारशी नसतातच. लहान मुलीचा परकर उचलावा तशा खालून फांद्या उचलून आतलं तण काढायचं. सुया टोचतात आणि मग संध्याकाळपर्यंत हातांना खाज येत राहते. कडक उन्हाळ्यात फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारायची. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर ते रस शोषणारे बारीक कोळी समजायचे आणि पाइपनं पाण्याचा जोरदार फवारा मारायचा. आतल्या जुन्या सुया पिवळ्या पडून गळतात, त्याला घाबरायचं नाही. मात्र कात्री चालवायची ती हिरव्या भागातच. सुया नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापलं तर तिथून पुन्हा पालवी येत नाही. गुलाब छाटला की चवताळून फुटतो, याचं तसं नाही. याचं जे गेलं ते गेलं.

काही वर्षांत त्यानं फाटकाजवळचा कोपरा भरून टाकला. येता-जाता मी उगाचच त्याच्यावरून हात फिरवायचे. माझं दुसरं होतं कोण तिथे हात फिरवायला? आणि मग एका पावसाळ्यानंतर त्याची भिंतीकडची बाजू तांबूस पडायला लागली. कोळी म्हणावेत तर कागद कोरा. शेवटी मी बाही वर करून हात थेट बुंध्याशी घातला. सगळीकडची माती कोरडी आणि तिथे मात्र नुसता रबरबाट. हाताला पहिल्यांदा लागली ती सुपारी. मग झेंडूच्या सडक्या पाकळ्या, तुळशीची पानं, फुगून मऊ झालेल्या अक्षता.

‘अक्काऽऽ!’ माझी हाक बसस्टॉपपर्यंत गेली असेल.

त्या शांतपणे पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. ‘देवांच्या आंघोळीचं पाणी आहे ते,’ म्हणाल्या. ‘आणि निर्माल्य. पायदळी येऊ नये म्हणून तिथे घालते. तिथे कुणाचा पाय पडत नाही.’

आता याला काय म्हणायचं? चामराजपेटला हे पाणी परसातल्या नारळाच्या मुळाशी जायचं. इथे आमच्याकडे जिकडेतिकडे फरशी, कुंडीतल्या तुळशीला ते सगळं झेपणारं नव्हतं, आणि नाल्यात देवांचं पाणी ओतायला अक्कांचा हात धजेना. साऱ्या घरादारात पाय न पडणारी एकच जागा त्यांना सापडली होती, आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी त्या मोठ्या भक्तिभावानं माझ्या झाडाच्या मुळांवर ओतत होत्या.

‘अहो, मुळं कुजली त्याची! त्याला पाणी सोसत नाही!’

‘देवाचं पाणी सोसत नाही असं कुठलं झाड असतं गं?’

‘हे!’

‘मग तुझं झाड नास्तिक आहे, तुझ्यासारखं.’

‘असू दे!’

त्यानंतर दोन दिवस आमचं बोलणं बंद. अक्कांनी मला मुळीच न आवडणारी पडवळाची भाजी केली आणि मीही हट्टानं ती पुन्हा मागून घेतली. तिसऱ्या दिवशी मीच तह केला. मागच्या नळापाशी कर्दळ होती, तिला कितीही पाणी चालतं. पण तिथे जायला दोन उंच पायऱ्या उतराव्या लागत आणि अक्कांचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. म्हणून ठरलं की पाणी नेऊन ओतायचं काम माझं. मग रोज सकाळी हाक यायची, ‘पुणेकरीण, देव आंघोळ करून बसले. ये लवकर.’ मी देवाधर्मातली नाही. पण तो तांब्या मी वर्षानुवर्षं मागच्या दारी नेला, आणि वाटेत सांडते की काय ते अक्का खिडकीतून बघत राहायच्या. मी झोपेतून उठायला उशीर केला किंवा कुठे बाहेर गेले की मात्र त्या हमखास ज्युनिपर गाठायच्या. ‘स्वल्पच घातलं गं,’ म्हणायच्या. मी पुन्हा आरडाओरडा करायचे. त्या आरडाओरड्याची आता इतकी आठवण येते की काय सांगू.

तह झाला त्याच आठवड्यात मी वाळलेला भाग कापला, तेव्हा झाडात सुपाएवढी मोकळी जागा पडली. अक्का कितीतरी वेळ तिच्याकडे बघत उभ्या होत्या.

‘हिरवं होईल ना पुन्हा?’

‘नाही. शेजारची फांदी वाढून झाकेल, तेवढंच. पण वेळ लागेल.’

‘मग तिला इकडे वळव की.’ आणि त्यांनी अंबाड्यातले आकडे काढून माझ्या हातात दिले. शेजारची एक लांब फांदी मी त्या जागेकडे वळवली आणि ते आकडे मातीत खुपसून तिला तिथे धरून ठेवलं. अक्कांचा अंबाडा सुटून पाठीवर आला होता. ‘जागा झाकली गेली की मला सांग,’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘सांगायचं काय, रोज दिसणारच आहे तुम्हाला.’

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा उजवा गुडघा अगदीच बसला. मुलगा आला आणि म्हणाला, ऑपरेशन पुण्यात करू, मी जवळ असेन. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी मान डोलावली आणि मनात म्हणत राहिले, नेऊ नको रे, नेऊ नको. निघायच्या दिवशी बॅगा गाडीत गेल्या, पण देवांचा डबा काही बाहेर आला नाही.

‘देव इथेच राहू देत,’ अक्का म्हणाल्या. ‘दसऱ्याला बाहुल्या मांडायची रीत काय पुण्यात आहे? त्या मांडायला मी येणारच. तोवर तू घाल त्यांना आंघोळ.’

‘मी? मला काय येतं त्यातलं?’

‘पाणी घालायला काय यावं लागतं? इतकी वर्षं कर्दळीला घालतेसच की.’

देव घरात आहेत म्हणजे अक्का येणार, माझं गणित सरळ होतं. त्या गणितावर मी रोज सकाळी उठत होते. ताम्हनात देव मांडायचे, पाणी घालायचं, पुसायचे, फूल वाहायचं. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा यांच्यात मानाचं कोण ते मला अजून माहीत नाही, मी त्यांना उंचीप्रमाणे बसवायचे. मग तांब्या घेऊन कर्दळीपाशी. नंतर अक्कांचा फोन. ‘शंख पुसलास? बाळकृष्णाला गार पाणी नको घालू, स्वल्प कोमट घे.’ आणि शेवटी न चुकता, ‘झाकली का गं ती जागा?’

‘येतेय झाकत.’

ऑपरेशन नीट झालं. पुण्यात भाजीवाल्याकडे त्यांनी ‘स्वल्प कोथिंबीर’ मागितली तर तो हसला म्हणे. ‘तुमच्या पुण्यात सगळेच बातम्या वाचतात गं,’ म्हणाल्या, आणि आम्ही दोघी फोनवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. इकडे दूध उतू गेलं की माझ्या तोंडून ‘अय्यो’ निघायला लागलं होतं. ऐकून चिडवायला घरात कुणी नव्हतं.

दसऱ्याआधी मी माळ्यावरून बाहुल्या काढल्या, एकेक पुसून ठेवली. अक्का म्हणाल्या, डॉक्टर इतक्यात लांबचा प्रवास नको म्हणतात, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर म्हणाल्या, नातू मांडीवरून उठतच नाही. मी ‘सरी’ म्हटलं आणि बाहुल्या पुन्हा माळ्यावर टाकल्या.

मग एका सकाळी फोन आला आणि त्यांनी झाडाचं काही विचारलंच नाही. इकडचं तिकडचं बोलल्या, हवा कशी आहे विचारलं. मग म्हणाल्या, ‘मुलगा येतोय तिकडे, ऑफिसच्या कामाला. त्याच्याबरोबर देव पाठवशील?’

‘का? मी नीट करत नाही का त्यांचं?’

‘नीट करतेस गं. सकाळी माझे हात रिकामे राहतात, म्हणून.’

‘आणि तुम्ही?’

त्या इतक्या हळू बोलल्या की मला फोन कानाशी दाबून धरावा लागला. ‘मी आता इथेच गं.’

एरवी नाकावर असणारा माझा राग त्या दिवशी कुठे गेला कोण जाणे. भांडायला हवं होतं. मी म्हटलं, ‘बरं.’ सरी म्हणायलासुद्धा जीभ वळली नाही.

भाचा आला, जेवला. ‘मामी, तुम्हीच चला ना पुण्याला,’ म्हणाला. बोलावणं मनापासून होतं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या दोन खोल्यांच्या संसारात मी कुठे मावणार, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. मी देवांना शेवटची आंघोळ घातली, कोमट पाण्यानं. ती जुनी साडीची किनार अजून कपाटात होती. तिचे तुकडे करून एकेक देव गुंडाळला आणि डब्यात ठेवला. डबा माझ्या हातातून घेताना भाचा म्हणाला, ‘सोडा ना, मामी.’ मी धरूनच उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी उठले आणि मला काही काम नव्हतं. तांब्या पालथा होता. मी बागेत गेले. ज्युनिपर हिरवंगार, तरतरीत. वळवलेल्या फांदीनं ती मोकळी जागा जवळजवळ झाकली होती, तळहाताएवढी माती दिसत होती तेवढीच. अक्कांचे गंजके आकडे अजून तिथेच होते. मी खाली वाकून बोट मातीत घातलं. कोरडी ठणठणीत, जशी हवी तशी. त्या झाडाला माझ्याकडून काहीही नको होतं. असंच झाड मी मागून आणलं होतं ना? मग मी तिथेच फरशीवर बसून रडले, आणि शेजारीण फाटकाशी येईपर्यंत रडतच होते.

पुढच्या दिवशी अक्कांचा फोन.

‘देव पोचले. सगळे सुखरूप. पण पुणेकरीण, मला एक सांग.’ आवाज कावराबावरा होता. ‘इथे पाणी कुठे ओतू? बाल्कनीत फरशी, खाली गाड्या उभ्या. सूनबाई म्हणते बेसिनमध्ये ओता, पण मला ओतवेना गं. बादलीत साठवून ठेवलंय. पाय पडणार नाही अशी जागाच नाही इथे.’

मी खिडकीशी उभी होते. समोर झाड दिसत होतं, आणि भिंतीकडची ती तळहाताएवढी माती.

‘इकडे या,’ मी म्हटलं.

‘अं?’

‘इकडे या, अक्का. देव घेऊन या. ज्युनिपरला ओता, रोज ओता, तांब्याभर ओता. मी काही बोलणार नाही.’

पलीकडे नातू काहीतरी मागत होता. त्याला कुणीतरी गप्प केलं.

‘अय्यो,’ अक्का म्हणाल्या. ‘झाड मरेल ना गं.’

‘मरू दे,’ मी म्हटलं.